उलुरू येथील प्रकाशकथन : एक भाषिक परीक्षण

भूमीची कथा सांगण्याचे काम मानवाने आजवर बहुधा शब्दाकडे सोपविले आहे. स्थळपुराणे, माहात्म्ये, यात्रावर्णने, गावोगावच्या दंतकथा या सर्वांत भूमी ही विषय असते आणि शब्द हे साधन असते. गेल्या काही वर्षांत मात्र रात्रीच्या अंधारात, विस्तीर्ण उघड्या प्रदेशावर, प्रकाशाच्या साहाय्याने त्याच प्रदेशाची कथा सांगण्याचे मोठे प्रयोग होऊ लागले आहेत. चित्रकलेचे आणि रंगभूमीचे अभ्यासक या प्रयोगांविषयी आपापल्या परीने लिहितीलच. भाषेच्या अभ्यासकाला त्यांत स्वारस्य वाटावे याचे कारण निराळे आहे. ज्या कथा या प्रकाशाने सांगितल्या जातात त्या मुळात कोणत्या तरी भाषेत सांगितल्या गेलेल्या असतात. आणि त्या भाषेच्या व्याकरणाने कथेला दिलेले वळण प्रकाशात उतरते की नाही, हा प्रश्न केवळ कलेचा राहत नाही.

प्रस्तुत लेखात ज्या प्रयोगाचा विचार करावयाचा आहे तो ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, उलुरू या प्रचंड शिलेच्या परिसरात, मे २०२३ पासून होऊ लागला. त्याचे नाव 'विंचिरी विरू'. हजाराहून अधिक ड्रोन आकाशात उडवून, त्यांच्या दिव्यांच्या आकृत्यांतून, भूमीवर टाकलेल्या प्रकाशझोतांतून आणि ध्वनीतून 'माला' पूर्वजांची कथा यात सांगितली जाते. प्रकाशरचनाकार ब्रूस रेमस हे त्याचे कर्ते. पूर्वी मोठमोठ्या संगीतमैफलींच्या प्रकाशयोजनेत त्यांनी नाव मिळविले होते. कथा मात्र त्यांची नव्हे. ती त्या भूमीच्या परंपरागत धारकांची, म्हणजे अणंगू लोकांची आहे, आणि त्यांच्या ज्येष्ठांशी विचारविनिमय करूनच तिचा कोणता भाग दाखवावयाचा हे ठरविण्यात आले. दोन वर्षांपूर्वी एका परिषदेच्या निमित्ताने त्या देशात जाणे झाले, तेव्हा हा प्रयोग पाहण्याचा योग आला. पाहून झालेले समाधान आणि त्याच रात्री मनात उद्भवलेली एक शंका, या दोहोंची मांडणी येथे करावयाची आहे.

प्रथम नावांविषयी. त्याच परिसरात ब्रूस मन्रो या ब्रिटिश कलावंताची 'प्रकाशाचे शेत' ही रचना एप्रिल २०१६ पासून आहे. जमिनीत रोवलेल्या पन्नास हजार काड्या आणि प्रत्येकीच्या टोकाशी एक मंद दिवा, असे तिचे स्वरूप. १९९२ साली या वाळवंटातून प्रवास करीत असता मन्रो यांना ती सुचली. अणंगू लोकांनी तिला पिचांचाचारा भाषेत नाव दिले ते असे : 'तिली विरू चुटा ञाकुचाकू'. 'तिली' म्हणजे दिवा, ज्योत; 'विरू' म्हणजे सुंदर; 'चुटा' म्हणजे पुष्कळ (शेजारच्या काटा चुटा या शिलासमूहाच्या नावातही हाच शब्द असून त्याचा अर्थ 'पुष्कळ मस्तके' असा आहे); आणि 'ञाकुचाकू' म्हणजे पाहण्यासाठी. पुष्कळ सुंदर दिवे पाहण्यासाठी, एवढेच. या नावाकडे आपण बारकाईने पाहिले पाहिजे. त्यात भूमीचा उल्लेख नाही, पूर्वजांचा नाही, कथेचा नाही. पाहुण्याने येऊन जे करावयाचे तेवढे मोठ्या सौजन्याने आणि कमालीच्या अचूकपणे त्यात सांगितले आहे. मन्रो यांची रचना देखणी आहे यात शंका नाही. परंतु ती भूमीवर मांडलेली आहे, भूमीची नव्हे, हे त्या चार शब्दांनी कोणालाही न दुखविता नोंदवून ठेवले. टीकेचा हा प्रकार आपल्याकडील समीक्षकांनी अनुकरण करण्याजोगा आहे.

'विंचिरी विरू' या नावाचा अर्थ 'क्षितिजापर्यंतचे सुंदर दर्शन' असा सांगितला जातो. येथेही 'पाहणे' आहेच. पण दिव्यांचा उल्लेख गळाला असून पाहण्याचा विषय दूरवर पसरलेली भूमी हा झाला आहे. म्हणजे नावापुरते पाहिले तर हा दुसरा प्रयोग अधिक मोठी प्रतिज्ञा करतो. ती तो कितपत पाळतो ते पाहावयाचे आहे.

पिचांचाचारा आणि यांकुंचाचारा या दोन भाषांतून, किंवा अधिक काटेकोरपणे बोलावयाचे तर पश्चिम वाळवंटी भाषेच्या दोन बोलींतून, प्रयोगाचे निवेदन केले जाते आणि त्याला इंग्रजीची जोड असते. पिचांचाचारा बोलणारे तीनेक हजार आहेत. यांकुंचाचारा बोलणाऱ्यांची संख्या याहून पुष्कळच कमी. या बोलींची नावे मोठी अर्थपूर्ण आहेत. एकीत 'येणे' या अर्थाचे रूप 'पिचांचा' असे होते, म्हणून ती 'पिचांचा-वाली'. दुसरीत 'जाणे' या अर्थी 'यांकुंचा' म्हणतात, म्हणून ती 'यांकुंचा-वाली'. येण्याजाण्याच्या क्रियापदांवरून ज्यांनी परस्परांना ओळखले, त्यांच्या कथाही येण्याजाण्याच्या असाव्यात हे स्वाभाविकच आहे. मराठी वाचकाला या भाषांचा उच्चार इंग्रज वाचकापेक्षा सोपा जावा, हेही येथे जाता जाता सांगण्यास हरकत नाही. मूर्धन्य वर्ण दाखविण्यासाठी रोमन अक्षरांखाली रेघ ओढावी लागते, ते आपल्याकडे 'ट', 'ण', 'ळ' या अक्षरांनी सहज दाखविता येतात. 'अणंगू' यातील 'ण' हा खराखुरा 'ण' आहे.

आता कथा. तिचा जो भाग सर्वांसाठी खुला आहे तेवढाच येथे देतो. माला लोक उत्तरेकडून चालत आले. उलुरू पाहून त्यांना वाटले की काही काळ राहून 'इन्मा' म्हणजे गीतनृत्ययुक्त विधी करावयास ही जागा चांगली. पुरुषांनी 'ङल्टवटा' हा विधिस्तंभ उभारला आणि त्या क्षणापासून सर्व काही, म्हणजे शिकार, अन्न गोळा करणे, साफसफाईसुद्धा, विधीचा भाग झाले. तेवढ्यात पश्चिमेकडून दोन विंटल्का पुरुष आले आणि त्यांनी मालांना आपल्या विधीचे आमंत्रण दिले. मालांनी नकार दिला. कारण एकदा आरंभलेला विधी मध्येच सोडता येत नाही. अपमानित झालेल्या विंटल्कांनी 'कुर्पञ' नावाचा प्रचंड श्वान निर्माण करून मालांवर सोडला. तो वाटेत रूपे पालटीत आला, कधी पक्षी तर कधी गवत. लुउन्पा या खंड्या-स्त्रीने त्याला प्रथम ओळखले आणि मालांना सावध केले. त्यांनी ऐकले नाही. काही पुरुष मारले गेले आणि उरलेले भयभीत होऊन दक्षिणेकडे पळाले. कुर्पञ त्यांच्या मागे लागला. कथा पुढे दक्षिणेत चालू राहते.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. माला हे एकाच वेळी मानव आणि प्राणी आहेत. माला म्हणजे सशाएवढा, तांबूस केसांचा, उड्या मारीत चालणारा एक लहान कांगारूसदृश प्राणी. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरील रानांतून तो नाहीसा झाला. २००५ साली उलुरूच्या राष्ट्रीय उद्यानात १७० हेक्टरांचे कुंपण घालून त्याला परत आणण्यात आले. 'पूर्वज' हा शब्द आपण वापरतो खरा, पण त्याने काळाचे जे अंतर सूचित होते ते अणंगू विचारात नाही. त्यांचा शब्द 'चुकुर्पा' (यातील 'च' 'चहा'मधला, 'चमचा'मधला नव्हे). त्यात सृष्टीची घडण, आचाराचा नियम, भूमीवरील वाटा आणि आजचे कर्तव्य हे सर्व सामावलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पेन्सर आणि गिलन यांनी शेजारच्या अरर्न्ट लोकांच्या तत्सम शब्दासाठी 'स्वप्नकाळ' असा पर्याय रूढ केला आणि त्याने मोठा घोटाळा केला. जे चालू आहे ते भूतकाळात गेले आणि जे नियमासारखे बंधनकारक आहे ते स्वप्नासारखे धूसर झाले. स्टॅनर यांनी १९५३ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात 'जेव्हा' आणि 'सर्वत्र' यांचा जोड करून एक नवा इंग्रजी शब्द घडविला, तो हा घोटाळा निस्तरण्यासाठीच. अलीकडे गॉडर्ड आणि व्हिएझ्बित्स्का यांनीही या शब्दाचा अर्थ साध्या घटकशब्दांत उलगडून पाहिला आहे. अभ्यासकांनी इतके श्रम करूनही जाहिरातीत 'स्वप्नकाळ' टिकून आहे, ही गोष्ट वेगळी.

आता मुख्य मुद्दा. ही कथा सांगितली जाते तेव्हा ती दर्शवून सांगितली जाते. तिचा प्रत्येक प्रसंग शिलेवरील एखाद्या ठिकाणी आहे. लुउन्पा आजही एका मोठ्या दगडाच्या रूपाने पहारा करीत उभी आहे आणि कुर्पञची पावले शिलेवर उमटलेली आहेत. पिचांचाचारा भाषेतील दर्शक सर्वनामांची व्यवस्था या संदर्भात पाहण्यासारखी आहे. 'ञंगा' म्हणजे हे इथले, 'पला' म्हणजे ते जवळचे, 'ञरा' म्हणजे ते पलीकडचे. यांखेरीज चौथे एक आहे, 'पञा'. त्याचा अर्थ 'ते, जे तुला आणि मला ठाऊक आहे ते'. पहिली तीन बोट दाखविण्यासाठी, चौथे आठवणीकडे निर्देश करण्यासाठी. भूमीची कथा सांगणाऱ्याला याहून अधिक सोयीचे व्याकरण कोणते मिळणार ? सांगणारा 'ञंगा' म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती खाच, ती गुहा, तो डाग असतो. आणि वर्षानुवर्षे ऐकून ऐकून तो 'पञा' म्हणण्याइतका जाणता होतो. येथे शिला ही कथेचे चित्र नव्हे. शिला हीच संहिता आहे. म्हणूनच तिच्या काही भागांची छायाचित्रे घेऊ नयेत असे उद्यानात जागोजाग बजावलेले असते.

मराठीच्या अभ्यासकाला ही गोष्ट अगदीच अपरिचित नाही. महानुभावांची 'स्थानपोथी' वाचताना नेमका हाच अनुभव येतो. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, त्या स्थानांची दिशांसह नोंद करणारा तो ग्रंथ घरी बसून वाचला तर रुक्ष वाटतो. हातात घेऊन त्या देवळाच्या आवारात उभे राहिले की त्यातील 'पूर्वे' आणि 'दक्षिणे' हे शब्द एकदम जागे होतात. फरक इतकाच की स्थानपोथीत स्थान हे घडून गेलेल्या लीळेची आठवण आहे. उलुरूला ती घटना अद्याप स्थानातच आहे.

'विंचिरी विरू'चे प्रेक्षक बसतात ते शिलेपासून कित्येक किलोमीटर दूर, एका वाळूच्या टेकाडावर बांधलेल्या सज्जावर. सूर्यास्ताला उलुरू तांबडे होताना दिसते, भोजन होते, आणि मग अंधार पडतो. प्रयोग सुरू होतो त्या वेळी ३४८ मीटर उंचीची ती शिला एक काळी कड एवढीच उरलेली असते. खाच नाही, गुहा नाही, पाऊल नाही. आकृत्या उमटतात त्या प्रेक्षक आणि शिला यांच्यामधील आकाशात. संहिता अंधारात आहे आणि तिचे भाष्य मात्र लखलखते आहे, अशी ही स्थिती. आपल्या परंपरेत टीका कितीही विस्तृत असली तरी तिच्या डोक्यावर मूळ श्लोक लिहिलेला असतो. येथे तो श्लोक झाकलेला आहे. 'ञंगा' हा शब्द निवेदनात आला तरी त्याने बोट कोठे दाखवावे ? माझी शंका ती हीच.

तरीसुद्धा हा प्रयोग पोकळ ठरत नाही, आणि त्याचे कारण मला त्याच्या आकृत्यांपेक्षा त्या आकृत्यांच्या विरण्यात दिसले. अणंगू स्त्रियांत आणि मुलींत 'मिल्पाचुनञी' नावाची कथनाची एक रीत आहे. 'मिल्पा' म्हणजे काठी, 'चुनञी' म्हणजे ठेवणे. सांगणारी वाळूत बसते, वाकविलेल्या काठीने किंवा तारेने जमिनीवर ताल धरते आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी रेघा काढीत कथा सांगते. एक अर्धवर्तुळ म्हणजे बसलेले माणूस. प्रसंग संपला की तळहाताने वाळू सपाट करावयाची आणि त्याच जागी पुढचा प्रसंग काढावयाचा. जेनिफर ग्रीन यांनी २०१४ च्या आपल्या ग्रंथात अरर्न्ट आणि त्यांच्या शेजारच्या भाषांतील अशाच वालुकाकथांचा अभ्यास करून दाखविले आहे की रेघ, हाताची खूण, गीत आणि उच्चारित शब्द ही त्या कथेची चार अंगे एकमेकांपासून अलग करता येत नाहीत. शब्द तेवढे टिपून घेतले तर अर्धी कथा हरवते.

आकाशातील ते हजार दिवे एक आकृती धरतात, क्षणभर थांबतात, विस्कटतात आणि पुन्हा दुसरी आकृती धरतात. वाळू सपाट करणारा तळहातच जणू आकाशावरून फिरतो. चित्रपटाच्या पडद्यावर एक दृश्य जाऊन दुसरे येते तेव्हा मधली अवस्था लपविलेली असते; येथे ती उघडी आहे आणि तीच सर्वांत सुंदर आहे. रूप पालटीत येणाऱ्या कुर्पञला याहून योग्य साधन मिळणे कठीण. पक्षी आणि गवत यांच्यामध्ये तो जे काही असेल, ते शब्दाला सांगता येत नाही. दिव्यांच्या त्या विस्कटण्यात ते दिसू शकते. हे साम्य रेमस यांनी जाणून साधले की साधनाच्या स्वभावातून ते आपोआप आले, याचा निर्णय करण्याची आवश्यकता नाही. यंत्र नवे असले तरी कथनाची ही लय त्या भूमीला अनोळखी नाही, एवढे पुरे आहे. पुसून टाकल्याशिवाय पुढे न जाणारे कथन टिकवून ठेवण्याचा आग्रह धरीत नाही. आणि जी कथा सर्वांनी सर्व काळ जवळ बाळगावयाची नाही, तिला हेच योग्य.

निवेदनाविषयी मला इतके समाधान वाटले नाही. ज्येष्ठांचा आवाज ऐकू येतो ही मोठीच गोष्ट आहे. ज्या परिसराला १८७३ साली एका सर्वेक्षकाने एका राजकारण्याचे नाव दिले आणि ज्याचे मूळ नाव अधिकृतपणे जोडून लिहिण्यास १९९३ साल उजाडावे लागले, तेथे पिचांचाचारा ध्वनिवर्धकातून निनादते याचे मोल कमी लेखू नये. परंतु माझ्या आजूबाजूच्या श्रोत्यांना ती भाषा म्हणून ऐकू येत होती की वाऱ्याच्या आवाजासारखी, वातावरणाचा भाग म्हणून, हा प्रश्न मला सुटला नाही. अर्थ इंग्रजीने पुरवावयाचा आणि मूळ भाषेने सुगंध, अशी वाटणी झाली की भाषेचा सन्मान होतो पण तिचे काम काढून घेतले जाते. इंग्रजी तरी काय पुरविते ? इंग्रजीत कुर्पञला 'सैतानी कुत्रा' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. सैतान म्हटला की त्याच्यासमोर देव उभा राहतो आणि कथा पापपुण्याची होते. मूळ कथेत तसे काही नाही. विंटल्कांचा राग समजण्याजोगा आहे आणि मालांचा नकारही समजण्याजोगा आहे. दोन विधींची कर्तव्ये एकमेकांवर आदळली, आणि शिवाय पहारेकरणीचे ऐकले नाही. कुर्पञ हा अभिचाराने निर्माण केलेला श्वान आहे. मराठीत असे म्हटले तर बरेचसे नेमके होते. ज्या कथेचा कणा 'आरंभलेले सोडता येत नाही' हा नियम आहे, ती कथा जोराचा वारा सुटला तर रद्द होणाऱ्या यंत्रांवर सोपवावी, यातील विसंगती विनोदी आहे. पण तिला दोष म्हणून मांडणे अन्यायाचे होईल, कारण हा प्रयोग स्वतःला इन्मा म्हणवीत नाही.

हा सारा खटाटोप पैसेवाल्या प्रवाशांसाठीचा तमाशा आहे, असा आक्षेप परिषदेतील काही सहकाऱ्यांनी घेतला. तिकीट महाग आहे हे खरे. पण हा आक्षेप घेणाऱ्यांनी दुसरी बाजू विचारात घेतलेली नसते. पूर्वीचे प्रवासी त्या शिलेवर चढत असत. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी भूमी अणंगूंना परत मिळाली, तरी चढाई सक्तीने बंद व्हायला २६ ऑक्टोबर २०१९ उजाडला. मधली चौतीस वर्षे ते चढू नका अशी विनंती करीत राहिले, आणि लोक चढत राहिले. मालांची वाट तीच होती हे त्या विनंतीचे एक कारण. पावलाखाली घेण्याऐवजी पाहुण्याला दूर बसवून कथा ऐकवावयाची, आणि तीही आपल्याला द्यावयाची तेवढीच, या व्यवस्थेत शहाणपण आहे. काय सांगावयाचे नाही हे ज्यांनी ठरविले त्यांच्या हाती कथेची मालकी शिल्लक आहे. या दृष्टीने पाहता शिला अंधारात ठेवण्यातही काही हेतू असू शकेल, हे मला मान्य केले पाहिजे. तसा हेतू असेल तर माझी शंका सौंदर्यदृष्टीपुरती उरते आणि तिचे वजन घटते. पण ती नाहीशी होत नाही. कारण संहिता झाकून ठेवणे वेगळे आणि ती आहे याचा विसर पडू देणे वेगळे. प्रयोग संपल्यावर माझ्या मेजावरील मंडळी ड्रोनच्या संख्येविषयी बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उलुरूच्या पायथ्याशी 'माला वाटे'ने चाललो. उद्यानाचे रक्षक पाहुण्यांना या वाटेने नेतात; त्याला वेगळे तिकीट नाही. 'कुल्पी' म्हणजे गुहा. वाटेवर एक आहे 'कुल्पी वातिकू', पुरुषांची गुहा. एक 'कुल्पी मिञमाकू', स्त्रियांची, जेथे दळणेकांडणे होई. एक 'कुल्पी ञिइंकाकू', मुलग्यांना शिकविण्याची. या तिन्ही नावांच्या शेवटी जो 'कू' आहे तोच 'ञाकुचाकू' याच्या शेवटी आहे. तो प्रत्यय मालकीही दाखवितो आणि हेतूही, मराठीत जेथे 'ची' आणि 'साठी' असे दोन वेगळे शब्द लागतात. दिव्यांच्या नावात तो पाहुण्याच्या हेतूसाठी वापरला होता, गुहांच्या नावांत तो ज्यांच्या त्यांच्या मालकीसाठी आहे. रक्षकाने स्त्रियांच्या गुहेपाशी थांबून छताकडे बोट दाखविले. छत धुराने काळे झालेले होते. काल रात्रीच्या प्रेक्षकांपैकी आमच्या घोळक्यात माझ्याखेरीज दोघेच होते.